'किरकिर करणे' आणि 'भूक लागणे' : शाळा सुटल्यानंतरच्या एका तासाविषयी

शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या, म्हणजे सुमारे चार ते आठ वर्षांच्या, मुलाचे शाळा सुटल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातील वागणे हा अनेक घरांत रोजच्या कुरबुरीचा विषय असतो. वर्गात बाईंनी "फार शहाणा मुलगा" म्हणून नावाजलेले मूल उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच दप्तर भिरकावते. पायमोजा घोट्याशी अडकला म्हणून रडू लागते. आईने पोळीचे दोन तुकडे करून दिले, तर ती पोळी पुन्हा अख्खी करून दे, असा आग्रह धरून बसते. थोड्या वेळाने हेच मूल जणू काही घडलेच नाही अशा रीतीने खेळू लागते. ह्या प्रकाराला वडील माणसे सामान्यतः दोहोंपैकी एक कारण जोडतात : एक तर मूल लाडावले आहे, नाहीतर शाळेत त्याला कोणी काही बोलले आहे. दोन्ही कारणे कधी कधी खरीही असतात. परंतु पुष्कळ दिवशी खरे कारण ह्या दोहोंपेक्षा साधे असते, आणि ते ध्यानात न येण्यास आपण मुलाच्या वागण्याला जी नावे देतो ती काही अंशी कारणीभूत होतात. ही नावे आणि ती ज्या वाक्यांत येतात त्या वाक्यांची घडण ह्यांचा विचार येथे त्या एका तासाच्या संदर्भात करावयाचा आहे.

प्रथम त्या तासाविषयी. लहान मुलांचा राग दिवसाच्या कोणत्या वेळी उफाळतो ह्याची पद्धतशीर नोंद फ्लॉरेन्स गुडइनफ ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने केली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथासाठी ४५ मुलांच्या मातांनी घरच्या घरी दैनंदिनी ठेवली होती. मुले सात महिन्यांपासून जवळजवळ आठ वर्षांपर्यंतच्या वयाची होती. ह्या नोंदींतून दिसून आले ते असे की, रागाचे उद्रेक दिवसभर सारखे विखुरलेले नसतात. जेवणापूर्वीच्या वेळी, म्हणजे दुपारच्या जेवणाआधी आणि संध्याकाळच्या जेवणाआधी, ते दाट होतात. सर्दीपडशासारख्या किरकोळ दुखण्याच्या दिवसांत त्यांची संख्या वाढते. बहुतेक उद्रेक पाच मिनिटांच्या आत संपतात. निष्कर्ष इतके साधे आहेत की कोणत्याही आजीने ते न मोजता सांगितले असते. तथापि न मोजता सांगितलेली गोष्ट पुढच्या पिढीला 'जुनी समजूत' म्हणून बाजूस सारता येते. मोजलेली सारता येत नाही.

त्याच मिनेसोटा विद्यापीठात सुमारे सात दशकांनंतर मेगन गन्नर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दुसऱ्या अंगाने ह्याच गोष्टीकडे पाहिले. शरीरावरील ताणाशी निगडित असलेल्या कॉर्टिसॉल ह्या संप्रेरकाचे प्रमाण सामान्यतः सकाळी जास्त असते आणि दिवस चढत जातो तसे ते उतरत जाते. घरी असलेल्या लहान मुलांत तसेच आढळले. परंतु पूर्ण दिवस पाळणाघरासारख्या संस्थेत राहणाऱ्या अनेक लहान मुलांत दुपारी ते उतरण्याऐवजी चढलेले दिसले. वाढत्या वयाबरोबर हा चढ कमी होतो, असेही ह्या संशोधनात आढळले आहे. म्हणून त्यावरून शाळेविषयी भयंकर अनुमाने काढण्याचे कारण नाही. एवढे मात्र निश्चित की, समवयस्कांच्या घोळक्यात दिवस काढणे हे लहान मुलाच्या शरीराच्या लेखी एक कामच असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. ते तंतोतंत पाळले गेले तरी प्रत्येक मुलाला एका प्रौढाचे लक्ष आणखी २९ जणांबरोबर वाटून घ्यावे लागते; आपली पाळी येईतो थांबावे लागते; लघवीची भावना, खोडी काढण्याची उबळ, रडू, हसू हे सारे आवरून धरावे लागते. जे दिवसभर आवरले ते जेथे आवरण्याची गरज नाही तेथे सुटते. ते घरी सुटते ह्याचा अर्थ, मूल घराला आपले समजते, असाच घेतला पाहिजे.

ह्या सुटण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. किरकिर, पिरपिर, कुरकुर, भुणभुण, चिडचिड, धुसफूस. मुसमुसणे, हिरमुसणे, फुरंगटणे, धुमसणे. गाल फुगवणे, गळा काढणे, भोकाड पसरणे, टाहो फोडणे. ह्या यादीतील द्विरुक्त शब्द बहुतांशी ध्वन्यनुकारी आहेत. रातकिड्यांचा आवाज तोही किरकिराच. जुनी खाट कुरकुरते. डासांची भुणभुण चालते. न थांबता बारीक पडणाऱ्या पावसालाही पिरपिर म्हणतात. ह्या सर्वांत समान गोष्ट म्हणजे आवाज मोठा नसणे आणि तो न थांबणे. उलट भोकाड, टाहो, गळा हे शब्द मोठ्या व एकदम फुटलेल्या आवाजाचे आहेत. मुसमुसणे आणि हुंदके देणे ह्यांत आवाज दबलेला आणि श्वास तुटलेला असतो. म्हणजे भाषेने येथे भावनेचे वर्गीकरण कानाने केलेले आहे.

हे वर्गीकरण काही केवळ कवींच्या उपयोगाचे नाही. मायकेल पोटेगाल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या कपड्यांत लहानसे ध्वनिग्राहक बसवून त्यांच्या आकांताच्या वेळचे आवाज मुद्रित केले व त्यांचे ध्वनिविश्लेषण केले. त्यात असे दिसले की, किंचाळणे व ओरडणे हे आवाज एका गटात पडतात आणि ते रागाचे असतात. रडणे व पिरपिर हे दुसऱ्या गटात पडतात आणि ते दुःखाचे असतात. राग प्रारंभी चढून लवकर उतरतो. दुःखाचा धागा मात्र आकांताच्या अवधीत पसरलेला असतो. ज्या माणसाला 'भोकाड' आणि 'मुसमुस' ह्यांतील फरक कानाने कळतो, त्याला मूल रागात आहे की राग ओसरून ते आता जवळ घेतले जाण्याची वाट पाहत आहे, हेही कळू शकते. आजच्या शहरी घरांत हे सर्व शब्द मागे पडून 'त्याचा मूड नाही' एवढे एकच वाक्य उरू पाहते. 'मूड' हा शब्द मराठीत आला ह्याबद्दल दुःख करण्याचे कारण नाही. तो एकटाच दहा शब्दांचे काम करू लागला म्हणजे मात्र कान मंद होतो.

आता वाक्यरचनेकडे वळू. मराठीत मनाच्या व शरीराच्या अवस्था सांगण्याची एक ठराविक घडण आहे. 'मला भूक लागली', 'मला झोप आली', 'मला राग आला', 'मला रडू आले', 'मला भीती वाटते'. ह्या वाक्यांत ज्याला अनुभव येतो तो चतुर्थीत असतो, आणि व्याकरणदृष्ट्या कर्ता असते ती भूक, झोप किंवा राग. क्रियापदे मुख्यतः तीन : लागणे, येणे आणि वाटणे. भूक, तहान, ठेच, उचकी ह्या शरीराला 'लागतात'. झोप, कंटाळा, राग, रडू ही 'येतात', आणि जी येतात ती जातातही. भीती, लाज, वाईट ही 'वाटतात'. त्यांत परिस्थितीविषयी काहीएक समज अभिप्रेत असते. मराठी मूल ह्या तिन्ही रचना फार लवकर आत्मसात करते, आणि 'मला भूक लागली' व 'मला राग आला' ह्या वाक्यांचा साचा त्याच्या लेखी एकच असतो. भूक जशी आपण होऊन करीत नाही तसा रागही आपण होऊन करीत नाही, असे ह्या साच्यात गृहीत आहे.

परंतु वडील माणूस मुलाविषयी बोलू लागला की वाक्य बदलते. "किरकिर करू नकोस." "हट्ट करतोस?" "नाटकं करू नकोस." "आल्या आल्या सुरू केलंस!" येथे 'करणे' हे क्रियापद येते, मूल प्रथमेत येते आणि पूर्ण अर्थाने कर्ता ठरते. जी गोष्ट आतून 'आली' होती तीच बाहेरून 'केली' अशी सांगितली जाते. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण 'चिडचिड' ह्या शब्दाचे आहे. तो होणे आणि करणे ह्या दोन्ही क्रियापदांबरोबर चालतो. कचेरीतून दमून आलेली आई स्वतःविषयी म्हणते, "आज माझी फार चिडचिड होतेय." मुलाविषयी तीच म्हणते, "किती चिडचिड करतोस!" प्रौढाची चिडचिड होते, मुलाची मात्र ते करते. ह्यात कोणाचा दुष्टावा नाही. दुसऱ्याची अवस्था आपल्याला फक्त आवाजातून व हालचालींतून दिसते आणि जे दिसते ती कृती असते, म्हणून भाषा साहजिकच कृतीकडे झुकते. तथापि परिणाम व्हावयाचा तो होतो. कृतीला प्रौढ जे उत्तर देतो ते मनाई, दटावणी अथवा लालूच ह्यांपैकी एक असते. भुकेला दिलेले उत्तर ह्याहून निराळे असते.

व्याकरण बदलल्याने मन बदलते असा दावा येथे केलेला नाही. तसा दावा करणारे सिद्धान्त भाषाशास्त्रात वारंवार डोके वर काढतात आणि वारंवार त्यांना मर्यादा घालावी लागते. इंग्रजीसारख्या भाषेत भुकेलेला माणूसही प्रथमेतच असतो, म्हणून इंग्रज आई आपल्या मुलाची भूक ओळखू शकत नाही असे नाही. म्हणणे एवढेच आहे की, मराठी पालकाच्या हाताशी दोन्ही रचना तयार आहेत, आणि त्या तासात कोणती निवडली ह्यावर त्याचे पुढचे पाऊल पुष्कळदा ठरते. "किरकिर करू नकोस" ह्या वाक्यानंतर पालक दुसरे काही पाहत नाही. "भूक लागलीय का रे? की झोप आलीय?" असे विचारणारा मुलाच्या डोळ्यांकडे आणि डब्याकडे पाहतो. डबा तसाच परत आलेला असेल तर अर्धे निदान तेथेच होते.

निषेधार्थी आज्ञेविषयी आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया ह्यांनी लहान मुलांच्या हाती रबरी फुगा देऊन तो दाबण्याच्या व न दाबण्याच्या सूचना त्यांना दिल्या. त्यांना असे आढळले की, फार लहान वयात शब्दाचा अर्थ नव्हे तर त्याचा केवळ आघात कृतीला चालना देतो. 'दाबू नकोस' ही सूचना दाब थांबवण्याऐवजी कधी कधी वाढवते. साधारण चार वर्षांनंतर शब्दाचा अर्थ वागण्याला आवर घालू लागतो. पण जे सामर्थ्य चौथ्या-पाचव्या वर्षी नुकते आलेले असते ते थकव्याच्या वेळी प्रथम ढासळते. म्हणून सकाळी "रडू नकोस हं" एवढ्याने सावरणारे मूल संध्याकाळी त्याच शब्दांनी अधिक रडते. शब्द तेच असतात, ते पेलण्याचे बळ उरलेले नसते.

ह्यावरून व्यवहारात निघते ते असे की, घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत बोलणे कमी आणि खाणेपिणे अगोदर असावे. हातपाय धुणे, पाणी, आणि मधल्या वेळचे खाणे. गूळ-शेंगदाणे, तूप-साखर लावून केलेली पोळीची सुरळी, दडपे पोहे, केळे. जे शिजवण्याची वाट पाहावी लागत नाही ते. काय हवे हे मुलाला विचारत बसू नये. निवड करणे हेही कामच असते आणि पाच पर्यायांतून एक निवडताना पुष्कळ रडणी सुरू होतात. दुपारच्या अधिवेशनातील मूल संध्याकाळी उशिरा घरी येते. त्याच्या बाबतीत खाणे आणि जेवण ह्यांतील अंतर इतके थोडे असते की सरळ जेवणच लवकर वाढणे बरे. सकाळच्या अधिवेशनातील मुलाला भुकेपेक्षा झोप अधिक आलेली असू शकते. मुलांची झोप पुरी होत नाही ह्या कारणासाठी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजण्याच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला. झोपेचा व दिवसाच्या वागण्याचा संबंध शासनदरबारीही मान्य झाला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

जुन्या घरांत ह्या वेळेला एक विधी होता, त्याचा येथे उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. तिन्हीसांजेला मूल किरकिरू लागले की त्याला दृष्ट लागली असे म्हणत, आणि मीठमोहऱ्या, लाल मिरच्या घेऊन त्याच्यावरून ओवाळून टाकीत. क्रियापद पाहावे : दृष्ट 'लागते', भूक व ठेच जशी लागते तशी. कारणाची कल्पना चुकीची होती. शेजारणीच्या डोळ्यांचा त्या रडण्याशी काही संबंध नव्हता, आणि ह्या कल्पनेपायी कित्येक निष्पाप शेजारणींना बोल सोसावा लागला हेही विसरता येत नाही. परंतु मुलाच्या बाजूने पाहिले तर घडत होते ते असे : कोणी त्याला दोष देत नसे, त्याला एका जागी बसवले जाई, घरातील एक मोठे माणूस दोन मिनिटे दुसरे काहीही न करता त्याच्यापुढे उभे राही, त्याच शब्दांचे संथ, ठेक्यातले पुटपुटणे रोज कानी पडे. दिवेलागणीची प्रार्थना आणि परवचा ह्यांचाही परिणाम काही अंशी असाच असावा. अंधश्रद्धा गेली हे योग्यच झाले. तिच्याबरोबर ती दोन मिनिटेही गेली.

पोट भरल्यावर भाषेची पाळी येते. "राग आला होता ना? पोळी तुटली म्हणून?" अशा एखाद्या छोट्या वाक्याने भावनेला नाव देणे उपकारक ठरते, असे मानण्यास आता बराच आधार आहे. मॅथ्यू लीबरमन व त्यांचे सहकारी ह्यांनी २००७ साली दाखवले की, चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिला असता मेंदूतील ॲमिग्डला ह्या भयसूचक केंद्राची प्रतिक्रिया कमी होते. हा प्रयोग प्रौढांवर आणि चित्रांच्या साहाय्याने झालेला होता, रडणाऱ्या मुलांवर नव्हे. त्यामुळे तो येथे जसाच्या तसा लावता येत नाही. अधिक जवळचा पुरावा ज्यूडी डन ह्यांच्या १९९१ च्या अभ्यासाचा आहे. ज्या कुटुंबांत तीन वर्षांच्या मुलांशी भावनांविषयी अधिक बोलणे होत असे, ती मुले सहाव्या वर्षी इतरांच्या भावना अधिक अचूक ओळखत. पॅमेला कोल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१३ साली दाखवले की, ज्यांची भाषा लहानपणी लवकर वाढली ती मुले चौथ्या वर्षी वाट पाहावयाच्या प्रसंगी कमी चिडतात. ती मदत मागतात अथवा स्वतःचे मन दुसरीकडे रमवतात. व्हिगॉट्स्की ह्यांनी मुलाच्या स्वतःशी चाललेल्या बोलण्याविषयी जे म्हटले होते त्याच्याशी हे जुळते : जे प्रथम दोघांमध्ये बोलले जाते तेच पुढे एकट्याच्या मनात बोलले जाते. आज आईने म्हटलेले "राग आलाय, जाईल थोड्या वेळाने" हे वाक्य मूल उद्या स्वतःला म्हणू शकते. 'येणे' ह्या क्रियापदात 'जाणे' अंतर्भूत असल्याने मराठीत हे वाक्य विशेष सहज बनते. "तू रागीटच आहेस" ह्या वाक्यातून मात्र काहीही जात नाही.

नाव देताना ते मुलावर लादले जाऊ नये, हेही खरे. "वाईट वाटलं का?" ह्याला मूल "नाही, कंटाळा आला" असे म्हणाले तर तेच प्रमाण मानावे. मुलांच्या तोंडी 'कंटाळा' हा शब्द थकवा, एकटेपण, भूक, अपमान अशा अनेक अर्थांनी येतो. तो दुरुस्त न करता त्याच्यामागे काय आहे ते पाहणे बरे.

येथे 'रुसवा' वेगळा काढला पाहिजे. रुसणे हे वरच्या साच्यात बसत नाही. 'मला रुसवा आला' असे मराठीत कोणी म्हणत नाही. 'मी आईवर रुसलो' असे म्हणतात. रुसणारा प्रथमेत असतो आणि ज्याच्यावर रुसावयाचे तो '-वर' लावून वाक्यात हजर असतो. भूक एकट्यानेही लागते, रुसणे एकट्याने होत नाही. रुसवा म्हणजे शब्दांविना केलेले संभाषण होय. त्याला उत्तर हवे असते, म्हणून मनधरणी, समजूत काढणे, गट्टी करणे हे त्याचे उपाय भाषेने त्याच्याबरोबरच ठेवले आहेत. कट्टी घेणारे मूल तर संभाषण बंद केल्याचे रीतसर जाहीरच करते. शाळेनंतरच्या तासात हे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात आणि तेथेच पालकांची गफलत होते. भुकेने किरकिरणाऱ्या मुलाची मनधरणी केली तर ते अधिक किरकिरते, कारण त्याला कोणाविरुद्ध काही म्हणावयाचेच नसते. उलट आई उशिरा न्यायला आली म्हणून रुसलेल्या मुलापुढे केवळ बशी सरकवली तर ते ती दूर लोटते. ओळखण्याची एक खूण अशी की, रुसलेले मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून समोरच्याकडे पाहत असते. किरकिरणारे कोणाकडेही पाहत नाही.

घरोघरी विचारला जाणारा "आज शाळेत काय केलंस?" हा प्रश्नही ह्याच तासात येतो आणि बहुधा वाया जातो. त्याला "काही नाही" असे उत्तर मिळाले की पालक अस्वस्थ होतात. वस्तुतः हा प्रश्न भाषिकदृष्ट्या अवघड आहे. त्याला उत्तर द्यावयाचे तर पाचसहा तासांतून निवड करावी लागते, क्रम लावावा लागतो, ऐकणाऱ्याला काय ठाऊक नाही ह्याचा अंदाज घ्यावा लागतो. कॅथरीन नेल्सन आणि त्यांच्या विद्यार्थिनी रॉबिन फिव्हुश ह्यांच्या संशोधनातून असे दिसून आले आहे की, लहान मुले नेहमीच्या प्रसंगांचा एक सर्वसाधारण साचा फार लवकर बनवतात. फिव्हुश ह्यांनी १९८४ साली शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांच्या बाबतीत हेच नोंदवले. त्यामुळे 'काय केलंस' ह्या एका दिवसाच्या प्रश्नाला 'खेळतो, डबा खातो, बाई शिकवतात' असे रोजचे उत्तर येते. मूल काही लपवत नसते. त्याला विचारले एक जाते आणि त्याच्या मनात सिद्ध असलेले असते दुसरे. नेमक्या वस्तूपासून सुरुवात केली तर मात्र आठवण उकलते : "शर्टाला हा निळा रंग कुठला लागला?" किंवा "आज डबा कोणाशेजारी बसून खाल्लास?" फिव्हुश व एलेन रीझ ह्यांच्या पुढील अभ्यासांत, मुलाच्या उत्तरात आपला एकेक तपशील घालून गोष्ट पुढे नेणाऱ्या मातांची मुले पुढे आपल्या अनुभवांची अधिक भरीव कथने करतात, असे आढळले आहे. अशा संभाषणाला वेळ लागतो. ते दारातच उरकता येत नाही.

दिवसाची खरी हकीकत पुष्कळदा रात्री, अंथरुणावर पडल्यावर बाहेर येते. रूथ वेअर ह्या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने आपल्या अडीच वर्षांच्या मुलाची झोपण्यापूर्वीची एकट्याची बडबड ध्वनिमुद्रित करून तिचे विश्लेषण १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९८९ साली नेल्सन ह्यांनी संपादित केलेल्या ग्रंथात अशाच एका लहान मुलीच्या रात्रीच्या स्वगतांचा अभ्यास आहे. वेअर ह्यांना त्या बडबडीत मुख्यतः भाषेचा सराव दिसला. नेल्सन ह्यांना तीत दिवसभरातील घडामोडींचा अर्थ लावण्याचा प्रयत्न दिसला. शाळकरी मुलाच्या बाबतीत आईवडिलांनी दिवा मालवून नुसते शेजारी पडून राहणे, आणि "मग तो म्हणाला की मी तुझ्याशी खेळणार नाही" असे वाक्य अचानक आले तर लगेच उपदेश न करणे, एवढेच पुष्कळ होते. ज्या प्रश्नाला सहा वाजता "काही नाही" हे उत्तर होते त्याचे उत्तर साडेनऊला मिळते.

ज्या मुलांची शाळेची भाषा आणि घरची भाषा वेगळी, त्यांच्या बाबतीत हा सर्व विचार अधिक निकडीचा होतो. शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाचा दिवस अशा भाषेत जातो, जिच्यात त्याला वस्तूंची नावे, रंग व आज्ञा येतात, पण 'हिरमुसलो' म्हणता येत नाही. ज्या क्षणी अपमान झाला त्या क्षणी त्याच्याजवळ शब्द नव्हता, म्हणून तो क्षण तसाच घरी येतो. अशा मुलाशी त्या तासात तरी घरची भाषा बोलावी. सराव व्हावा म्हणून दारातच इंग्रजीत प्रश्न विचारणारे पालक त्याची शाळा आणखी एक तास लांबवीत असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे, त्यामागील कारणे बहुधा ज्ञानग्रहणाच्या अंगाने मांडली जातात. हे दुसरे अंगही त्यांत धरण्याजोगे आहे.

सर्वांत कठीण स्थिती निवासी आश्रमशाळेतील लहान मुलांची. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणारे सहा-सात वर्षांचे मूल पहिलीपासून तेथे राहते. कोरकू मुंडा कुळातील, गोंडी द्राविड कुळातील. दोन्ही मराठीला मुळातून परक्या. त्या मुलाचा वर्ग मराठीत सुटतो आणि वसतिगृहाची संध्याकाळही मराठीतच सुरू होते. ज्या उंबरठ्यावर दप्तर भिरकावता येईल तो उंबरठाच नसतो. अशी मुले शांत असतात, त्रास देत नाहीत, असे त्यांच्याविषयी कौतुकाने सांगितले जाते. ते कौतुक तपासून घेतले पाहिजे. अधीक्षकाला किंवा संध्याकाळी खाणे वाढणाऱ्या बाईला त्या मुलाच्या भाषेत भूक लागणे, झोप येणे, घरची आठवण येणे, पोट दुखणे आणि रडू येणे एवढी पाच वाक्ये विचारता आली, तरी ते मूल त्यांतले एखादे उत्तर म्हणून वापरू शकेल. ही वाक्ये त्याच गावातून आलेली वरच्या वर्गातील मुले एका दुपारी शिकवू शकतात.